लॉग कुणाच्या नावावर?

उरकणारा : सरळच सांगतो मॅडम, सर्व्हरच्या नोंदी जिथे साठतात त्या /व्हार/लॉगचा मालक कोण आणि गट कोणता, हा प्रश्न लातूर-नांदेडात कुणाला पडत नाही. पडायचं कारणही नाही. कॉलेजच्या लायब्ररीत उबुंटूवर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर चालू असतं. एका दुपारी ते उघडेनासं होतं, पडद्यावर पाचशे नंबरची एरर. काउंटरसमोर पोरांची रांग, नॅकची समिती तोंडावर आलेली, ग्रंथपाल कपाळाला हात लावून बसलेले. अशा वेळी ज्याला फोन जातो तो काय करतो? एररमध्ये 'परमिशन डिनाइड' दिसतं, शेजारी लॉगच्या फाइलचं नाव दिसतं. तो /व्हार/लॉगवर एक चोन, म्हणजे मालक बदलायची आज्ञा, मारतो, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, सगळं कोहाच्या युजरच्या नावावर. कोहा सुरू, चहा हजर. आता तुम्ही म्हणायलात की त्यानं घोळ घातला. घोळ कुठाय? काम तर झालं की.

चिकित्सक : काम झालं, मान्य. पण त्याच एका ओळीनं दुसरं काम बंद पाडलं, आणि ते बंद पडल्याचा आवाज झाला नाही. कोहाला हवं होतं ते /व्हार/लॉग/कोहाच्या आतलं त्या लायब्ररीचं फोल्डर. ते लायब्ररी-कोहा या युजरच्या नावावर असायलाच हवं; तेवढंच दुरुस्त केलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. चोन वरून मारल्यामुळे शेजारच्या सिसलॉग, ऑथ-लॉग, कर्न-लॉग या फाइलींचाही मालक बदलला. उबुंटूत /व्हार/लॉग हे फोल्डर रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी युजरचं, गट सिसलॉग, परवानगी ७७५. आतल्या सिसलॉग फाइलीचा मालक सिसलॉग नावाचाच युजर, गट एडीएम, परवानगी ६४०. ही आकडेमोड कुणी हौसेनं केलेली नाही. नोंदी लिहिणारा आरसिसलॉग सुरू होताना रूट असतो, पण लगेच आपले अधिकार उतरवून ठेवतो आणि पुढचं सगळं काम सिसलॉग या साध्या युजरच्या नात्यानं करतो. जो प्रोग्रॅम दिवसभर कुणाच्याही ओळी वाचत बसतो, त्याच्यात उद्या भोक सापडलं तर शिरणाऱ्याच्या हाती सगळा सर्व्हर लागू नये, म्हणून. तुमच्या चोननं या साध्या युजरच्या हातातली वही काढून घेतली. तो रूट नाही, त्यामुळे त्याला जबरदस्ती करता येत नाही.

उरकणारा : पुस्तकात ठीक आहे हे. अनुभव उलटा सांगतो. चोन मारल्यावर मी टेल लावून बघतो, सिसलॉगमध्ये ओळी पडतच असतात. म्हणजे मालक बदलल्यानं काही अडलं नाही. बंद पडतं ते मागाहून कधीतरी, हात न लावता. आणि लाइट गेली, इन्व्हर्टरनं दम तोडला, सर्व्हर पुन्हा उठला की हात न लावताच सुरूही होतं. लाइट जायची तर आमच्याकडे वाट बघावी लागत नाही. ज्या दुखण्याला लाइट गेल्यावर गुण येतो त्यासाठी मालकीचा अभ्यास कशाला? रिस्टार्ट मारायचा, मोकळं व्हायचं.

चिकित्सक : तुम्ही पाहिलंत ते सगळं खरं आहे, सर. कारण तेवढं चुकलंय. लिनक्स परवानगी तपासतो ती फाइल उघडताना. एकदा उघडून हातात घेतली की प्रत्येक ओळीला पुन्हा विचारणा नाही. आरसिसलॉगनं फाइल आधीच उघडलेली होती, म्हणून चोननंतरही लिहीत राहिला. मग काही दिवसांनी लॉगरोटेटची पाळी आली. त्यानं जुनी फाइल बाजूला सारली, नवी कोरी फाइल तयार केली आणि तिला मालक दिला तो जुन्या फाइलीचाच, कारण तसं करायचं त्याला सांगून ठेवलेलं असतं. म्हणजे चूक पुढच्या फाइलीलाही वारशानं मिळाली. आरसिसलॉगला निरोप गेला, जुनी सोड, नवी उघड. तो उघडायला गेला आणि तिथे 'परमिशन डिनाइड'. त्या क्षणापासून फाइल शून्य बाइटची. सिस्टिमसीटीएलनं विचाराल तर 'अ‍ॅक्टिव्ह, रनिंग' असा हिरवा ठिपका दिसतो, कारण प्रोग्रॅम चालूच आहे. फक्त लिहीत काही नाही.

आता लाइटचा गुण. नव्या उबुंटूत आरसिसलॉगच्या पॅकेजबरोबर एक लहानशी फाइल येते. /व्हार/लॉग कुणाचं, सिसलॉग कुणाची, ऑथ-लॉग कुणाची, हे तिच्यात लिहिलेलं असतं. सर्व्हर उठताना सिस्टिमडी-टेम्पफाइल्स ती वाचतो आणि तेवढ्यांची मालकी पूर्ववत करतो. म्हणून लाइट गेली की बरं वाटतं. पण रोटेट झाल्यापासून लाइट जाईपर्यंतचे दिवस त्या फाइलीत नाहीतच. कोण आलं, कुणी पासवर्ड चुकवला, डिस्कनं कधी कुरकुर केली, काहीच नाही. आणि हा गुण दर वेळी येईल असंही नाही. एखाद्यानं /व्हार हे फोल्डरच आपल्या युजरच्या नावावर करून टाकलं, तर टेम्पफाइल्सला वाटेतच परका मालक दिसतो. रूटच्या फोल्डरातून परक्याच्या फोल्डरात आणि तिथून पुन्हा रूटच्या फोल्डरात, ही वाट धोक्याची म्हणून तो आत जायलाच नकार देतो. 'अनसेफ पाथ ट्रान्झिशन' अशी ओळ टाकून पुढे निघून जातो. मग कितीही वेळा लाइट जाऊ द्या.

उरकणारा : बरं, चार दिवस कोरे राहिले. गेलं काय? सिस्टिमडीचं जर्नल आहे की. ते रूट म्हणून चालतं, त्याला तुमच्या मालकीचं सोयरसुतक नाही. जर्नलसीटीएल मारलं की सगळं दिसतं. आरसिसलॉगची ती रडारडही तिथेच सापडते. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहायची आणि त्यातल्या एका ठिकाणासाठी मला धारेवर धरायचं, याला काय म्हणावं? डेबियनवाल्यांनी तर २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून आरसिसलॉग आपणहून टाकायचंच सोडलं. आणि खरा प्रश्न तुम्ही टाळायलात. वाचतो कोण? लायब्ररीच्या सर्व्हरचा सिसलॉग आजवर कुणी उघडून बघितलाय? न वाचल्या जाणाऱ्या वहीचा मालक कोण, यावर दोन शहाण्या माणसांनी दुपार घालवावी का?

चिकित्सक : जर्नलबद्दल बरोबर आहे तुमचं, म्हणूनच अशा बिघाडात मी आधी तिथेच बघते. पण त्याला पोट असतं. काही सांगितलं नाही तर ते डिस्कच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढतं, तेही जास्तीत जास्त ४ जीबी, आणि मग मागचं पुसत पुढचं लिहितं. एखादा बॉट पासवर्ड मारत सुटला की ऑथच्या ओळींचा पूर येतो आणि ज्या दिवसांची गरज आहे नेमके तेच वाहून जातात.

वाचतो कोण, हे विचारताय ते मराठवाड्यात बसून? २०२३ च्या सप्टेंबरात मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि आपल्याकडच्या कचेऱ्यांमधले निजामकाळचे दस्त उघडले गेले. मोडीतले, उर्दूतले. कुणब्याची नोंद कुठल्या गावात, कुठल्या पानावर. ज्यानं ते लिहिलं त्याला ही ओळ पुढे कोण कशासाठी शोधणार आहे याची कल्पना असणं शक्य नव्हतं. त्याचं काम एवढंच, की लिहायचं. त्यानंतरच्या माणसाचं काम, की ते पान जागेवर ठेवायचं. वाचक नंतर येतो, आणि येतो तेव्हा घाईत असतो. २०२१ च्या जानेवारीत नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून चौदा कोटींवर रक्कम ऑनलाइन पळवली गेली. त्याआधी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, चौऱ्याण्णव कोटींचा. असं काही घडलं की तपासाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुणाच्या नावानं, कुठून, किती वाजता आत आलं? त्या क्षणी जो वाचक दारात उभा राहतो त्याला 'आमच्याकडे कुणी वाचत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

उरकणारा : दस्तांचंच काढलंत म्हणून सांगतो. आमच्या औशाकडच्या शेतीचा सातबारा आजोबांच्या नावावर, कसतो चुलता, पीकविमा भरतो चुलतभाऊ, आणि विकायची वेळ आली तर आत्यांच्या सह्या लागणार. तरी पेरणी थांबली का? मालकी कागदावर एक आणि कसणं दुसऱ्याचं, असं गाव चाललंय पिढ्यान्‌पिढ्या. तुमच्या लिनक्सला हे का जमत नाही? मी म्हणतो मालकीचा वादच नको. चमोड ७७७ मारून टाका. कोहानं लिहावं, आरसिसलॉगनं लिहावं, ज्याला लिहायचंय त्यानं लिहावं. एकाच फटक्यात सगळ्यांची सोय.

चिकित्सक : सोय सगळ्यांचीच होते, सर, चोराचीसुद्धा. पण शेताचं उदाहरण चांगलं दिलंत, आपण ते नीट लावू. शेत कसणाऱ्याला सातबाऱ्यावरचं नाव बदलता येतं का? नाही. फेरफाराची नोंद तलाठी घेतो. आणि तलाठ्यानं घेतली म्हणून ती पक्की होते का? तीही नाही, मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करावी लागते. कसणारा वेगळा, लिहिणारा वेगळा, पक्कं करणारा वेगळा. /व्हार/लॉगची मांडणी हीच आहे. कोहा कसणारा, आरसिसलॉग लिहिणारा, रूट त्याच्यावरचा, आणि एडीएम गटातली माणसं नक्कल बघायला येणारी. त्यांना वाचता येतं, खाडाखोड करता येत नाही. ७७७ म्हणजे तलाठ्याची वही चावडीच्या ओट्यावर पेनासकट उघडी ठेवणं.

त्यातही एक बारकावा आहे, जो चमोड मारणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. फाइल पुसण्याचा हक्क फाइलीवर नसतो, ती ज्या फोल्डरात आहे त्या फोल्डरावर असतो. तुम्ही ऑथ-लॉगला ६४० ठेवलंत आणि /व्हार/लॉगला ७७७ दिलंत, तर त्या सर्व्हरवरचा कुठलाही फडतूस युजर ऑथ-लॉग वाचू शकणार नाही, पण उचलून फेकून देऊ शकेल. आणि आतल्या फाइली उघड्या टाकल्यात तर वाचायला काय मिळतं ते ऐका. घाईत माणूस युजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करतो. एसएसएच म्हणतं असा युजर नाही, आणि तो 'युजर' जशाच्या तसा ऑथ-लॉगमध्ये लिहिते. पुढच्याच ओळीत तोच माणूस खऱ्या नावानं आत येतो. नाव खाली, पासवर्ड वर. त्या फाइलीचं ६४० हे नखरे नाहीत.

शिवाय सर्व्हर डेबियनचा असेल तर ७७७ नं तुमचं कोहाही एक दिवस पडेल. लॉगरोटेटला फोल्डर सगळ्यांना लिहायला मोकळं दिसलं की तो ते असुरक्षित समजतो आणि रोटेट करायचंच नाकारतो. उबुंटूत त्याला आधीच कुणाच्या नावानं काम करायचं ते सांगून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे निभावतं. डेबियनवर निभावत नाही. फाइली वाढत जातात, डिस्क भरते, डेटाबेसला लिहायला जागा उरत नाही. मग परत पाचशे नंबरची एरर, परत तुम्हाला फोन.

(इथे उरकणाऱ्याच्या बाजूनं एक गोष्ट मांडून ठेवायला हवी, कारण तो स्वतः ती मांडणार नाही. मालकीची ही मांडणी सगळीकडे सारखी नाही. उबुंटूत सिसलॉग हा युजर लागतो. डेबियनवर आरसिसलॉग रूट म्हणूनच चालतो आणि फाइली रूटच्या, गट एडीएमचा. रेड हॅटच्या घराण्यात फाइलीचं नावच मेसेजेस, ती एकट्या रूटची, आणि वर एसईलिनक्सचं लेबल. मालक बरोबर असूनही लेबल चुकलं तरी लिहिणं अडतं. एका ठिकाणी पाठ केलेला तोडगा दुसऱ्या ठिकाणी बिघाड होतो. फोनवर कुणीतरी सांगितलेली ओळ टाइप करणाऱ्या माणसाला आळशी म्हणणं सोपं आहे. त्याला तीन वेगवेगळ्या यंत्रांची तीन वेगळी घरं पाठ असावीत ही अपेक्षा महिन्याच्या मेन्टेनन्सच्या पैशात बसते का, हाही प्रश्न आहेच.)

उरकणारा : तलाठी आणि मंडळ अधिकारी छान सांगितलंत. आता मी विचारतो. लायब्ररीच्या सर्व्हरवर मंडळ अधिकारी कोण? रूट. रूटचा पासवर्ड कुणाकडे? माझ्याकडे. तलाठी कोण? आरसिसलॉग, ज्याला मी एका ओळीत बंद करतो. नक्कल बघायला येणारे एडीएमवाले कोण? उबुंटू टाकताना जो पहिला युजर बनतो तो त्या गटात असतोच, तो पण मीच. म्हणजे तुमच्या चावडीवर एकच माणूस तीन टोप्या घालून बसलाय. तुम्ही टोप्यांचे रंग बरोबर आहेत का ते तपासायलात. मी उद्या काही वाकडं केलं आणि ऑथ-लॉगमधल्या माझ्या चार ओळी काढून टाकल्या, तर तुमचं ७७५ आणि ६४० मला अडवणार आहे? चॅटर लावून फाइलीला फक्त भर घालता येईल अशी करा म्हणाल, तर ते लावतोही रूट आणि काढतोही रूट. वर लॉगरोटेट अडतो तो वेगळाच. मोठ्या कंपनीत पाच माणसं असतील, तिथे ठीक. इथे एकटा माणूस आठ कॉलेजं सांभाळतो, तिथे मालकीची ही वाटणी म्हणजे नाटकच.

चिकित्सक : नाटक नाही, पण अपुरी आहे. हे मला मान्य करावं लागेल. फाइलीची मालकी रूट सोडून बाकी सगळ्यांना अडवते, रूटला नाही. तरी बाकी सगळे म्हणजे थोडे नव्हेत. बाहेरून शिरणारे बहुतेक जण आधी वेब सर्व्हरच्या किंवा कोहाच्या युजरचा हात धरून येतात, आणि तिथेच त्यांच्या पाऊलखुणा पडतात. तुमच्या त्या चोननं सगळ्या लॉगची मालकी नेमकी कोहाच्या युजरला दिली. म्हणजे कोहातून जो शिरेल त्याला स्वतःच्या खुणा पुसायचा हक्क तुम्ही आधीच लिहून दिलात. हे नाटक नाही ना?

राहिला तुमचा प्रश्न, रूटवर पहारा कोणाचा. त्याला उत्तर एकच, नोंद त्या यंत्रावर राहूच द्यायची नाही. आरसिसलॉगमध्ये एक ओळ टाकली की प्रत्येक नोंद लिहिता लिहिता दुसऱ्या यंत्रावर जाते. पत्त्याआधी एक अ‍ॅट लावलात तर यूडीपी, वाटेत हरवली तरी कळत नाही. दोन लावलेत तर टीसीपी. रस्ता खोदताना केबल तुटली तर ओळी डिस्कवर रांगेत थांबवायची सोय आहे. लातूरची नोंद नांदेडला, नांदेडची लातूरला. मग तुम्ही तुमच्या चार ओळी इथे पुसाल, तिथल्या राहतील. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस देशातच सांभाळायला सांगितलंय आणि घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायला. उबुंटूचा सिसलॉग काही बदल केला नाही तर महिनाभराचाच राहतो. आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, जे १ जुलै २०२४ पासून लागू झालं, ते इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र मागतं, हॅशसकट. ज्या फाइलीवर कुणालाही लिहिता येत होतं तिच्या खाली सही कोण करेल?

उरकणारा : सही मी करणार नाही, एवढं नक्की. पण आता तुम्ही जे सांगायलात ते मला मघापेक्षा जास्त खटकतंय. लॉग नांदेडला पाठवा. त्यात असतं काय? अपाचीच्या लॉगमध्ये कुणी काय शोधलं ते असतं. कोहाचा शोध त्या पत्त्यातच दिसतो. हॉस्टेलवरची एखादी पोरगी रात्री कुठल्या आजाराचं, कुठल्या कायद्याचं पुस्तक शोधत होती, ते लातूरच्या लायब्ररीतून उठून नांदेडच्या डिस्कवर जाणार. तिथे एडीएम गटात कोण आहे, मला माहीत नाही. तिला तर नाहीच नाही. आणि आत्ताच तुम्ही म्हणालात की ऑथ-लॉगमध्ये चुकून पासवर्ड पडतात. तेही पाठवू? मघापासून मला शिकवायलात की वाचायचा हक्क जपून द्यावा. मग ही सगळी वही दुसऱ्या गावच्या रूटच्या हाती देणं जपणं कसं झालं? तिथे रूट कोण? तुम्हीच ना?

चिकित्सक : हो, मीच. आणि मला उत्तर सुचतं ते अर्धंच आहे. अपाचीचं पाठवू नका, फक्त ऑथचं पाठवा, हे सांगता येतं. वाट टीएलएसनं झाकता येते. नांदेडला पोचलेली रोजची फाइल सार्वजनिक किल्लीनं कुलूपबंद करता येते, म्हणजे निदान मागचं मला वाचता येणार नाही. पण आज येणाऱ्या ओळी आल्या आल्या मला दिसणारच. आणि मी ती कुलूपबंद फाइल पुसू शकते, हे उरतंच. तुम्हाला पुसता येऊ नये म्हणून नोंद माझ्याकडे आणली, मला वाचता येऊ नये म्हणून कुलूप लावलं, आता मला पुसता येऊ नये म्हणून आणखी कुणाकडे? आपण सुरुवातीला विचारत होतो की मालक कोण. प्रश्न खरं तर तीन निघाले. भर कोण घालणार, वाचणार कोण, आणि नाहीसं कोण करणार. ७७७ तिन्हींना एकच उत्तर देतं, म्हणून ते चूक. माझी मांडणी तिन्हींना वेगळी उत्तरं देते, पण तिसऱ्याशी येऊन अडते.

उरकणारा : मग तूर्त जमणारं बोलू. इथून पुढे वरून चोन मारणार नाही, हे पटलं. आधी नेमी-एल लावून मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक पायरीचा मालक बघायचा, जी पायरी चुकली तेवढीच बदलायची. टेम्पफाइल्सला हातानं हाक मारायची. त्याच्या यादीत नसलेली अपाचीसारखी फोल्डरं एकेक करून बघायची, कारण ती लाइट जाऊनही सुधारत नाहीत. मग आरसिसलॉग रिस्टार्ट, लॉगरनं एक ओळ टाकायची आणि ती फाइलीत आलेली डोळ्यानं बघायची. हिरव्या ठिपक्यावर जायचं नाही. यात माझा अर्धा तास जातो, त्याचे पैसे कॉलेज देत नाही, ते मी बघून घेईन. पण नांदेडचं अडलं. तुमच्या कुलपाची किल्ली कुणाकडे ठेवायची?

चिकित्सक : कॉलेजमध्येच. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. प्राचार्यांकडे?

उरकणारा : त्यांचा पासवर्ड हेडक्लार्कच्या टेबलावर काचेखाली असतो. सगळ्यांना दिसतो.

चिकित्सक : मग किल्लीचे दोन भाग करू. एक प्राचार्यांकडे, एक ग्रंथपालांकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय उघडायचं नाही.

उरकणारा : ग्रंथपाल मे महिन्यात रिटायर व्हायलेत. जागा भरायला परवानगी कधी मिळेल ते कुणीच सांगत नाही. तोवर तो अर्धा भाग कुणाच्या नावावर करायचा, ते सांगा.